दादाचे पाय

धाकटा साठीच्या पुढे गेला तरी धाकटाच राहिला. दुकानाच्या पाटीवर दोघा भावांचं मिळून एकच आडनाव होतं, पण गिऱ्हाइकं त्यांना थोरला आणि धाकटा असंच म्हणत. थोरल्याला बोलवा म्हणजे माप घ्यायचंय, भाव ठरवायचाय किंवा कुणाला तरी चार शब्द सुनावायचेत. धाकट्याला बोलवा म्हणजे काच उचलायची आहे.

काचा बसवणं हा दोघांचा धंदा. खिडक्यांच्या, दारांच्या, दुकानांच्या दर्शनी भागाच्या. मोठी काच उभी धरून दोघांनी न्यायची असते. एक काचेच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला. एक पुढे, एक मागे. पुढचा रस्ता बघतो, मागचा पुढच्याचं ऐकतो. पुढे कायम दादा. "डावीकडे", "पायरी", "थांब", "उचल" एवढ्या शब्दांत धाकट्याची सगळी नोकरी झाली, आणि त्याची काही तक्रार नव्हती. मागच्याने स्वतःची अक्कल चालवली की काच फुटते, हे त्याला हाताच्या तळव्यावरच्या खुणांनी शिकवलं होतं. लग्नसुद्धा दादा "हो म्हण" म्हणाला म्हणून केलं. संसार चांगला झाला. दादा आजही तो आपल्याच कामांत धरतो.

दादाच्या तोंडून "चांगलं" हा शब्द मात्र धाकट्याने कधी ऐकला नव्हता. काम उत्तम झालं की दादा म्हणायचा, "चला." काम बिघडलं की बरंच काही म्हणायचा, आणि ते सगळं धाकट्याला पाठ होतं.

मग दादाचे गुडघे गेले. मागचा माणूस एकट्याने काच नेऊ शकत नाही, त्यामुळे दुकान बंद झालं. त्या जागेत आता कुणीतरी मोबाइलची कव्हरं विकतो. दादा आणि वहिनी वरच्या दोन खोल्यांत राहतात. धाकटा दोन गल्ल्या पलीकडे आपल्या घरी. निवृत्त झाल्यावर तो दुपारी दारापाशी उभा राहायला लागला. बायकोने काही दिवस सहन केलं आणि मग सांगितलं, "कुणी काच आणून हातात देणार नाहीये. लायब्ररीत जा. निदान बसायला शिकाल."

लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर, जिथे मोडक्या खुर्च्या ठेवतात, तिथे दर गुरुवारी एक मंडळ भरायचं. लिहिणाऱ्या लोकांचं. चांगल्या खुर्च्या खाली वाचणाऱ्यांना दिलेल्या होत्या, लिहिणाऱ्यांनी मोडक्यांवर भागवायचं. मंडळाचा नियम असा, की पूर्ण झालेलं काही आणायचं नाही. जे लिहिणं चालू आहे तेच वाचायचं, सगळ्यांनी सूचना करायच्या, लिहिणाऱ्याने त्या लिहून घ्यायच्या. हा नियम लोकांना फार मानवला होता. पूर्ण करण्याचा त्रास त्यामुळे कुणालाच नव्हता.

मंडळ चालवायच्या त्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना बाई म्हणत. बाई स्वतः काही लिहीत नसत. त्यांच्या मते त्या लिहिणाऱ्यांना घडवत. दातांचे एक डॉक्टर होते, त्यांची कादंबरी कित्येक वर्षं पहिल्या प्रकरणात होती. त्या प्रकरणात एक माणूस खिडकीपाशी उभा राहून पाऊस बघतो. दर गुरुवारी तो पाऊस बघायचा. इतक्या वर्षांत त्याला कुणी खिडकी लावून घ्यायला सांगितलं नाही. एक विमावाला होता, तो कविता करायचा. त्याच्या कवितांत सगळे मरायचे, कदाचित कामाची सवय असावी. आणखी चार-सहा जण येत, ते बहुतेक चहासाठी.

आणखी एक नियम होता, आणि पुढचा सगळा घोळ त्यानेच केला. वाचणाऱ्याने वाचून झालं की गप्प बसायचं. खुलासा करायचा नाही. खरं का, हे त्याला कुणी विचारायचं नाही आणि त्याने सांगायचं नाही. बाईंच्या मते लिखाणाने स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. हे त्या खुर्चीवर बसून सांगत.

धाकट्याने लिहिलं ते दादाबद्दल. दुसरं त्याला माहीतच काय होतं? शहराच्या मध्यभागी एका उंच इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर उपाहारगृह होतं. त्याची दर्शनी काच बसवायची होती. काच लिफ्टमध्ये मावेना, आतल्या जिन्याच्या वळणावर वळेना. उरला बाहेरचा लोखंडी जिना. त्याच्या पायऱ्या जाळीच्या. खाली बघितलं की थेट रस्ता दिसतो, माणसं मुंग्यांएवढी. वारा सुटलेला. वाऱ्यात काच शीड होते. ती आपल्याला घेऊन जायला बघते. दोघे भाऊ ती काच वर घेऊन गेले. एवढीच गोष्ट. दोन पानांत मावली.

त्याला एकच हवं होतं. हे लिखाण नीट झालं की दादाला वाचून दाखवायचं, आणि दादाने "चांगलं" म्हणायचं. अर्धवट काम गिऱ्हाइकाला दाखवायचं नसतं, म्हणून आधी मंडळात वाचून पक्कं करायचं आणि मग दादाकडे न्यायचं, असा त्याचा हिशेब होता.

मंडळातले बाकीचे लोक सूचना लिहून घेत, मान हलवत, आणि पुढच्या गुरुवारी तेच जुनं आणत. सूचना करणाऱ्यालाही ती आठवत नसे, त्यामुळे कुणाचं बिघडत नसे. धाकट्याला ही रीत कुणी सांगितली नाही. त्याने आयुष्यभर सांगितलेलं काम केलं होतं. सूचना म्हणजे काम. डॉक्टर म्हणाले, वातावरण कमी आहे, थोडा पाऊस घाला. धाकट्याने पाऊस घातला. लोखंडी जिन्यावर ओली काच कुणी नेत नाही, हे त्याला ठाऊक होतं, पण सांगितलंय म्हटल्यावर घातला. विमावाला म्हणाला, समोरच्या खिडकीत एखादी मुलगी हवी. धाकट्याने मुलगी बसवली. कुणी म्हणालं, काचेने काहीतरी बोलावं. काच बोलायला लागली. ती दादापेक्षा जास्त बोलायची, आणि तिचं बोलणं गोड होतं. दोन पानांची सहा झाली.

एका गुरुवारी बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला म्हणजे मोठी सूचना येते, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

"काचवाले," बाई म्हणाल्या, "शेवटी हा भाऊ गेला पाहिजे. तो जिवंत राहिला तर वाचकाने रडायचं कशासाठी?"

धाकट्याने लिहून घेतलं: भाऊ जाणे.

हे काम त्याला जड गेलं. दादाकडे चहाला गेला तरी त्याला दादाच्या तोंडाकडे बघवेना. दादा बिस्कीट बुडवून खात होता आणि टीव्हीवरच्या माणसाला शिव्या देत होता, आणि इकडे धाकटा मनात शोधत होता, याला नेमकं कशाने न्यावं? जिन्यावरून पाडणं त्याला पटेना. इतक्या वर्षांत दादाच्या हातून एकही काच पडली नव्हती, तर दादाने स्वतः पडणं हे कामाला धरून झालं नसतं. शेवटी त्याने दादाला अंथरुणावर, आजाराने, शांतपणे नेलं. मरताना दादा खिडकीच्या काचेवर हात ठेवतो, असं सातव्या पानावर लिहिलं. त्याला स्वतःला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण अक्षर वाकडं आलं.

मंडळात ते वाचल्यावर विमावाला बाहेर जाऊन तोंड धुऊन आला. बाईंनी चष्मा काढला आणि पुसला, आणि हे मरण आपणच सांगितलं होतं याची त्यांना जराही आठवण नव्हती. सगळ्यांनी धाकट्याकडे बघितलं. तो नियमाप्रमाणे गप्प बसला. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बस चुकेल म्हणून मग तो लगबगीने निघून गेला, आणि मंडळाने ठरवलं की माणूस फार दुखावलेला आहे. पुढच्या गुरुवारी त्याला सर्दी झाली, म्हणून तो आला नाही. आता शंकेला जागाच उरली नाही.

बाई, डॉक्टर आणि विमावाला असे तिघे शनिवारी सकाळी पांढरी फुलं घेऊन निघाले. त्यांच्याकडे पत्ता होता तो दुकानाचा. वरच्या मजल्यावर वहिनीने दार उघडलं. बाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या की आम्ही तुमच्या दुःखात आहोत, असा माणूस पुन्हा होणे नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याबद्दल आम्ही खूप ऐकलं. वहिनीला दोन दिवस धाकट्याची खबर नव्हती, सर्दी आहे एवढंच माहीत होतं. ती मटकन खाली बसली आणि धाकट्याच्या नावाने रडायला लागली. ती रडली म्हणून तेही रडले. विमावाल्याने तर सूर लावला.

आवाज ऐकून दादा आतून आला. अर्ध्या गालाला दाढीचा साबण होता.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

बाई म्हणाल्या, "यांचे यजमान. आपण त्यांचे कोण?"

पुढचा अर्धा तास कुणालाच सुखाचा गेला नाही. विमावाला जिन्यात पाणी पीत बसला. वहिनीने आधी धाकटा जिवंत आहे याची फोनवरून खात्री करून घेतली, मग त्याच फोनवरून त्याला असं काही झोडपलं की तो सर्दीसकट, ती सात पानं घेऊन, दहा मिनिटांत तिथे हजर झाला. पाहुणे फुलं ठेवून गेले. परत न्यावीत की नाही यावर त्यांच्यात थोडी कुजबुज झाली होती.

दादाने उरलेली दाढी केली, तोंड पुसलं आणि खुर्चीत बसला. "वाच," तो म्हणाला.

"अजून पूर्ण नाही झालं."

"मी मेलो त्यात. आणखी काय पूर्ण व्हायचंय? वाच."

धाकट्याने सातही पानं वाचली. दादाने डोळे मिटले होते. पावसाला तो हूं का चूं करेना, मुलीला नाही, काच बोलायला लागली तेव्हा फक्त एक डोळा उघडून त्याने वहिनीकडे बघितलं. मग त्याचं मरण आलं. ते वाचून झालं तरी दादा तसाच बसला होता. वहिनी म्हणाली, झोपले वाटतं. पण दादा झोपला नव्हता.

"चांगलं आहे," दादा म्हणाला.

धाकट्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"ते शेवटचं," दादा म्हणाला. "मरण. चांगलं लिहिलंयस. फक्त जरा लांबव. माणूस एवढ्या लवकर मरत नाही. मरताना मी दोन शब्द बोलेन की. लोकांना बोलवेन, सांगेन कुणाचं काय चुकलं ते."

आयुष्यभर वाट बघितलेला शब्द आला, आणि तो दुसऱ्याच्या कामाला मिळाला. गिळून टाकायला किती सोपं होतं. मान खाली घालायची, हो म्हणायचं, मरण दोन पानांनी लांबवायचं. मंडळात निम्मी माणसं याहून कमी कष्टावर टाळ्या घेत. पण न बसवलेल्या काचेची मजुरी धाकट्याने कधी घेतली नव्हती.

"मरण माझं नाही," तो म्हणाला. "बाईंनी सांगितलं म्हणून घातलं."

"बरं. पाऊस?"

"डॉक्टरांचा."

"ती पोरगी?"

"विमावाल्याची."

"मग एवढ्या कागदांत तुझं काय आहे?" दादाने विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच कळत नव्हतं त्याला.

धाकट्याने पानं चाळली. मूळची दोन पानं सातांमध्ये कुठे कुठे विखुरली होती. शोधून शोधून त्याने जिन्याचा भाग काढला आणि वाचला. वर चढताना मधल्या वळणावर दादाने खाली बघितलं. जाळीतून रस्ता दिसला. दादाचे पाय कापायला लागले, गुडघ्यापासून खाली, पँट हलत होती, आणि काचेतून ते मागे दिसत होतं. दादा नुसतं "पायरी" म्हणाला आणि वर चढला, आणि प्रत्येक पायरीला "पायरी" म्हणत शेवटपर्यंत गेला.

दादाने खुर्चीचे हात धरले. "माझे पाय कापले नव्हते."

"कापले होते."

"वारा होता. वाऱ्याने पँट हलते. ते काढ."

धाकट्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बरं."

घरी येऊन त्याने ते वाक्य खोडायला घेतलं. खोडलं की दादा जिना चढून जातो, बस. कुणीही चढतो. त्याने परत लिहिलं. बायको भाजी निवडता निवडता बघत होती. तो सांगत सुटला: बाकीचं सगळं काढून टाकलंय, पाऊस, मुलगी, मरण, काचेची बडबड. परत दोन पानं झालीत. फक्त हे एक वाक्य दादाला नकोय. बायको म्हणाली, "तीन अनोळखी माणसांचं ऐकून भावाला मारलात. आता भावाचं ऐकून स्वतःचे डोळे काढा." आणि भाजीत लक्ष घातलं.

पण दादा एवढ्यावर थांबणारा नव्हता. पुढच्या गुरुवारी काठी टेकत, गुडघ्यांना शिव्या देत तो लायब्ररीचा जिना चढून मंडळात आला. काय काढलं, काय ठेवलं, ते स्वतः तपासायला. मंडळाने त्याला न मोडलेली खुर्ची खालून आणून दिली. मागच्या शनिवारची लाज होतीच, शिवाय ज्याच्यासाठी रडलो तो माणूस समोर बसलेला बघायला मिळणं त्यांना नवीन होतं. डॉक्टरांनी त्याच्या हिरड्यांची चौकशी केली.

धाकट्याने दोन पानं वाचली. पाय कापतात तिथे आल्यावर त्याचा आवाज बारीक झाला, पण त्याने वाचलं.

"थांब," दादा म्हणाला. "हे काढायला सांगितलं होतं."

बाईंनी समजावलं की इथे मध्येच बोलायचं नसतं, आधी सूचना म्हणून मांडावं लागतं. मग दादाने सूचना मांडली: पाय कापले नव्हते. मंडळाला ती एकदम पसंत पडली. डॉक्टर म्हणाले, नायक निर्भय असलेलाच बरा. विमावाला म्हणाला, ज्यांचे पाय आहेत तेच सांगतायत तर आपण कोण बोलणार? बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, सर्वानुमते. लिहून घ्या, काचवाले.

धाकट्याने पेन हातात धरलं होतं. सगळे बघत होते. या माणसाने सूचना नाकारल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्याच्या या गुणावर बाईंनी एकदा छोटं भाषणही केलं होतं. दादा तर बघतही नव्हता. त्याला उत्तर ठाऊक होतं.

"नाही घेणार," धाकटा म्हणाला.

खोलीत कुणाची तरी खुर्ची करकरली. बाई म्हणाल्या की नाकारायला हरकत नाही, असा प्रसंग आला नव्हता म्हणून नियम केलेला नाही, पण कारण द्यावं लागेल.

धाकट्याने दादाकडे बघितलं. "मी मागे होतो," तो म्हणाला. "मला दिसत होते."

बाईंनी चष्मा परत लावला. डॉक्टरांनी घसा साफ करून आपलं पहिलं प्रकरण काढलं, आणि तो माणूस खिडकीपाशी जाऊन पाऊस बघायला लागला.

दोघे भाऊ लवकर निघाले. जिना उतरताना दादाने हात धरू दिला नाही. बसच्या थांब्याकडे जाताना तो पुढे आणि धाकटा मागे, काठी टक टक वाजत होती. धाकट्याने मनाची तयारी केली होती. दादाला बोलायचं असतं तेव्हा तो मोकळी जागा बघून बोलतो. दुकानं संपली. बँक आली, गेली. औषधवाल्याच्या कोपऱ्यावर दादा थांबला आणि समोर बघतच म्हणाला,

"फार कापत होते?"

"फार."

"हूं." दादाने काठी या हातातून त्या हातात घेतली. "पण काच पोचली ना वर?"

"पोचली."

"मग ते का नाही लिहिलंस?"

"लिहिलंय," धाकटा म्हणाला. "तू ऐकत नव्हतास."